हंगामापुरती परदेशी माणसं कामाला आणायची असतील तर: अमेरिकेतल्या एच-२बी व्हिसाचा सगळा रस्ता

दर वर्षी फेब्रुवारीत मला एक तरी फोन येतोच. पलीकडे आपलाच मराठी माणूस असतो, कुणी समुद्रकिनाऱ्याजवळ छोटं हॉटेल चालवणारा, कुणाची लॉन-बागांची कामं घेणारी कंपनी. "ताई, एप्रिलपासून आठ माणसं लागणार आहेत. इथं कुणी मिळत नाही. एच-२बीवर आणता येतील ना?" येतील, पण पुढच्या एप्रिलला. या एप्रिलची गाडी १ ते ३ जानेवारीदरम्यानच निघून गेलेली असते.

मी हंगामी व्यवसायाच्या ऑफिसात बसून हे अर्ज भरते. वकील नाही. पहिल्या अर्जाला वकील जरूर घ्या, पण काय चाललंय ते मालकाला स्वतःला कळायला हवं, कारण कागदावर सही त्याची असते आणि उद्या चौकशी आली तर तीही त्याच्याच दारात येते.

आधी हे पाहा: तुमचं काम यात बसतं का

१९८६च्या कायद्याने शेतीची हंगामी कामं एच-२ए या व्हिसात गेली आणि बिगरशेतीची एच-२बीमध्ये. बागकाम, हॉटेलातली साफसफाई, मासळी आणि खेकडे सोलण्याचे कारखाने, जत्रेतले पाळणे, जंगलात रोपं लावणं, ही इथली नेहमीची कामं. मेरीलँडच्या खाडीकाठी खेकड्याचं मांस काढणाऱ्या मेक्सिकन बायका किंवा मिशिगनमधल्या मॅकिनॅक बेटावरच्या हॉटेलांत उन्हाळाभर राबणारी जमैकन माणसं याच व्हिसावर येतात. मजुरांत सर्वांत जास्त मेक्सिकोचे, त्यांच्या मागोमाग जमैकाचे.

मालकाची गरज तात्पुरती असली पाहिजे, ही यातली कळीची अट. काम साधं आहे की कौशल्याचं, हा प्रश्नच नाही. तात्पुरती गरज चार प्रकारची मानतात. एकदाच उद्भवलेली, म्हणजे एखादा मोठा प्रकल्प. ती तीन वर्षांपर्यंत चालू शकते. हंगामी, म्हणजे वर्षाच्या ठरावीक महिन्यांतच असणारं काम. कामाचा लोंढा, म्हणजे धंदा बारा महिने चालतो, कायमची माणसं आहेत, पण काही महिने ती पुरत नाहीत. आणि अधूनमधून लागणारी, जी फार कमी लोक वापरतात. पहिली सोडली तर बाकी तिन्हींसाठी साधारण नऊ महिन्यांच्या आतलीच गरज श्रम खातं मान्य करतं.

आपले बरेच लोक इथेच अडतात. रेस्टॉरंटला वर्षभर आचारी मिळत नाही, ही खरीखुरी अडचण आहे, पण ती तात्पुरती गरज नव्हे. बारा महिने आचारी हवा असेल तर एच-२बीचा नाद सोडा. पैसे आणि सहा महिने दोन्ही वाया जातील.

गरज सिद्ध होते ती पगारपत्रकावरून. मागच्या दोन-तीन वर्षांचा महिनावार तक्ता करायचा: कायमचे कामगार किती, हंगामी किती, एकूण तास किती, पगार किती दिला. समजा जानेवारीत चार माणसं आणि जुलैत एकोणीस, तर तो तक्ताच तुमची बाजू मांडतो. पण नोव्हेंबर-डिसेंबरातही हंगामी रकान्यात बारा-तेरा माणसं दिसत असतील तर तपासणारा पेन तिथेच ठेवणार. म्हणून हा तक्ता सगळ्यात आधी करा, वकिलाला फोन करायच्याही आधी. मी आधी तो कागदावर हाताने आखते. आकडे स्वतः लिहिले की खाचाखोचा दिसतात.

तारखा उलट्या मोजायच्या

एका आर्थिक वर्षात एच-२बीच्या ६६,००० जागा असतात. अमेरिकेचं सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, तेव्हा ३३,००० पहिल्या सहामाहीला आणि ३३,००० १ एप्रिलपासूनच्या दुसऱ्या सहामाहीला. पहिल्या सहामाहीत उरल्या तर दुसरीत मिळतात, पुढच्या वर्षात मात्र जात नाहीत.

काम सुरू व्हायच्या तारखेआधी ७५ ते ९० दिवसांच्या खिडकीतच श्रम खात्याकडे अर्ज करता येतो. १ एप्रिलच्या मागे ९० दिवस मोजा, १ जानेवारी येते. १ ऑक्टोबरसाठी ३ जुलै. उन्हाळ्यावर जगणाऱ्या सगळ्यांनाच १ एप्रिल हवी असल्यामुळे १ जानेवारीला झुंबड उडते. २०२४च्या एप्रिलसाठी पहिल्या तीन दिवसांत ८,८१७ अर्ज आले आणि त्यांत १ लाख ३८ हजारांहून जास्त जागा मागितल्या होत्या. उपलब्ध ३३,०००. म्हणून श्रम खातं या तीन दिवसांतल्या अर्जांची सोडत काढून त्यांचे गट पाडतं: अ गट, ब गट, असं पुढे. अ गटात नंबर लागला तर आशा धरायची. पुढच्या गटांत गेलात तर बहुधा मूळ कोटा संपतो आणि जादा जागांची वाट बघावी लागते.

२०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षांत सरकारने ६४,७१६पर्यंत जादा जागा काढल्या. त्यांतल्या बऱ्याचशा आधी एच-२बीवर येऊन गेलेल्या कामगारांसाठी राखीव होत्या, आणि ही माणसं मिळाली नाहीत तर आपल्या धंद्याचं भरून न निघणारं नुकसान होईल, हे मालकाला पुराव्यासकट लिहून द्यावं लागत होतं. या जागांच्या भरवशावर बुकिंगं घेऊ नका. मिळाल्या तर उत्तम.

एक मोह टाळा. काम खरं तर मार्चच्या मध्याला सुरू होतं, पण दुसऱ्या सहामाहीत बसावं म्हणून १ एप्रिल लिहायची. किंवा काम मे महिन्यात, पण सोडतीत आधी शिरावं म्हणून १ एप्रिल. तुमचंच पगारपत्रक ते खोटं पाडतं.

पहिला कागद: प्रचलित वेतन

एप्रिलसाठी माणसं हवी असतील तर आदल्या सप्टेंबरात कामाला लागा. 'फ्लॅग' या सरकारी पोर्टलवर खातं उघडून ईटीए-९१४१ हा फॉर्म भरायचा. काम काय, कुठे, कोणत्या अटी, हे त्यात असतं. त्यावरून तुमच्या भागात त्या कामाची सरासरी मजुरी किती, ते श्रम खातं कळवतं. निर्णय हवा त्याच्या किमान ६० दिवस आधी फॉर्म जायला हवा.

मिळालेला दर, संघराज्याचं किमान वेतन, राज्याचं आणि शहराचं किमान वेतन, यांतला जो सर्वांत मोठा तो द्यायचा. आणि तो फक्त परदेशातून आलेल्यांना नव्हे. त्या काळात तुमच्याकडे तेच काम करणाऱ्या स्थानिक कामगारालाही सहसा त्यापेक्षा कमी देता येत नाही. चार उन्हाळे तुमच्याकडे खोल्या साफ करायला येणारी बाई तासाला दीड डॉलर कमी घेत असेल, तर तिचाही दर वाढवावा लागणार. हिशेब करताना हे बरेच जण विसरतात. खरं सांगायचं तर तो दर तिला आधीच मिळायला हवा होता.

दुसरा टप्पा: श्रम खात्याचा अर्ज आणि स्थानिक भरती

ईटीए-९१४२बी हा मुख्य अर्ज. त्याला फी नाही. त्याच वेळी राज्याच्या रोजगार कार्यालयाकडे कामाची जाहिरात, म्हणजे जॉब ऑर्डर, द्यायची. काम पूर्णवेळ हवं, आठवड्याला किमान ३५ तास. वेतन, ओव्हरटाइम, कामाचे तास, पगारातून काय कापणार, राहायची सोय देणार असाल तर तिचं भाडं, प्रवासखर्च, अवजारं मोफत, सगळं त्यात लिहावं लागतं. इथे जे लिहाल तोच पुढे करार. लिहिलेलं नाही ते नंतर कापता येत नाही.

खात्याकडून कामकाजाच्या सात दिवसांत स्वीकाराची किंवा त्रुटींची नोटीस येते. त्रुटी निघाल्या तर उत्तराला कामकाजाचे दहा दिवस. घाबरू नका, त्रुटी बहुतेकांना निघतात. नेमकं विचारलंय तेवढंच, पुराव्यासह लिहा.

स्वीकाराची नोटीस आली की चौदा दिवसांत स्थानिक भरती करायची. मागच्या वर्षी तेच काम करून गेलेल्या अमेरिकन कामगारांना बोलावायचं. युनियन असेल तर तिला कळवायचं, नसेल तर कामाच्या जागी दोन ठिकाणी सलग कामाचे १५ दिवस सूचना लावायची. वर्तमानपत्रातल्या जाहिरातींची सक्ती २०१९च्या शेवटी उठली. आता श्रम खातं स्वतःच्या संकेतस्थळावर जाहिरात टाकतं. काम सुरू व्हायच्या २१ दिवस आधीपर्यंत पात्र स्थानिक माणूस आला तर त्याला नोकरी द्यावीच लागते.

हा टप्पा मनापासून करा. मी एक साधी वही ठेवते: कुणाचा फोन आला, किती वाजता, काय बोलणं झालं, मुलाखतीला आला का, नाही घेतला तर कामाशी संबंधित कारण कोणतं. भरतीचा अहवाल याच वहीतून तयार होतो. स्थानिक माणसांना पळवून लावण्यासाठी मुद्दाम 'दोन वर्षांचा अनुभव' वगैरे अटी घालणारे मालक मी पाहिलेत. पानं गोळा करण्याच्या कामाला दोन वर्षांचा अनुभव कशाला, असा प्रश्न आला की त्यांच्याकडे उत्तर नसतं. कामाआधीच्या १२० दिवसांत त्याच कामावरच्या अमेरिकन माणसाला काढून त्या जागी परदेशी माणूस आणता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

तिसरा टप्पा: आय-१२९

श्रम खात्याचं प्रमाणपत्र हातात पडलं की त्याच दिवशी यूएससीआयएसकडे (अमेरिकेचं नागरिकत्व आणि स्थलांतर खातं) आय-१२९, म्हणजे परदेशी माणसं आणण्यासाठीचा मालकाचा अर्ज, पाठवायच्या तयारीत असा. जागांचा कोटा इथे संपतो. प्रमाणपत्र मिळालं म्हणजे जागा मिळाली असं नाही.

माणसांची नावं न देता नुसता आकडा देऊन अर्ज करता येतो. नावं दिली तर एका अर्जात २५ पेक्षा जास्त नाहीत. १ एप्रिल २०२४पासूनच्या दरांप्रमाणे बिननावी अर्जाला ५८० डॉलर आणि नावांच्या अर्जाला १,०८०. पूर्णवेळ कामगार २५ किंवा त्याहून कमी असतील तर अनुक्रमे ४६० आणि ५४०. त्यावर आश्रय कार्यक्रमाची फी ६०० (छोट्या मालकाला ३००) आणि फसवणूक-प्रतिबंधाची १५०. म्हणजे छोट्या हॉटेलाला बिननावी अर्ज ९१० डॉलरला पडतो. वेगळी फी भरून कामकाजाच्या १५ दिवसांत उत्तर मागता येतं, आणि कोट्याची शर्यत असल्यामुळे जवळजवळ सगळेच ती भरतात. सप्टेंबर २०२५मध्ये ज्या एक लाख डॉलरच्या फीची बातमी सगळीकडे फिरली ती एच-१बीची. इथे तिचा संबंध नाही.

पूर्वी ठरावीक देशांचीच यादी असायची, आणि तिच्यात भारत नव्हता. १७ जानेवारी २०२५पासून ती यादीच रद्द झाली.

दलाल

या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण कागद सगळे बरोबर असूनही माणसं उद्ध्वस्त होतात ती इथे.

नियम स्पष्ट आहे: नोकरी मिळण्यासाठी कामगाराकडून एक पैसाही घ्यायचा नाही. मालकाने नाही, वकिलाने नाही, परदेशातल्या दलालानेही नाही. दलालाशी केलेल्या करारात ही बंदी लिहिलेली असावी लागते, तो करार अर्जासोबत द्यावा लागतो, आणि दलालाच्या हाताखालच्या माणसांची नावंसुद्धा कळवावी लागतात. श्रम खातं ही यादी जाहीर करतं. 'मला माहीत नव्हतं' हे २०२५च्या नियमांनंतर फारसं चालत नाही. दलालाने पैसे घेतले तर तुमचा अर्ज नाकारला जाऊ शकतो आणि पुढे काही वर्षं बंदीही येऊ शकते.

आपल्याकडे बीडचा ऊसतोड मजूर उचल घेऊन कारखान्यावर जातो आणि ती फिटेपर्यंत त्याला मुकादमासमोर मान वर करता येत नाही. इथे उचल उलटी असते. माणूस गावातल्या सावकाराकडून काढून दलालाला देतो आणि व्याज चढत असताना तुमच्याकडे येतो. तो तक्रार करत नाही, आजारी असल्याचं सांगत नाही, कमी तास मिळाले तरी बोलत नाही.

याची सगळ्यात कडू गोष्ट मुंबईतून सुरू झालेली आहे. २००५च्या कतरिना वादळानंतर सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीने मिसिसिपीतल्या पास्कागुला आणि टेक्सासमधल्या ऑरेंज इथल्या गोद्यांसाठी सुमारे पाचशे भारतीय वेल्डर आणि पाइपफिटर एच-२बीवर आणले. मुंबईतल्या दलालामार्फत भरती झाली. ग्रीन कार्ड मिळेल असं सांगून माणशी दहा ते वीस हजार डॉलर घेतले गेले. लोकांनी जमिनी विकल्या, कर्जं काढली. इथे एका ट्रेलरमध्ये २४ जण, आणि त्या खाटेचे महिन्याला १,०५० डॉलर पगारातून वळते. मार्च २००८मध्ये कामगार काम सोडून बाहेर पडले. फेब्रुवारी २०१५मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीने पाच कामगारांना मिळून १ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई दिली, आणि त्याच वर्षी कंपनीने दिवाळखोरी पत्करली.

माझा अनुभव त्याच्यापुढे लहान आहे. एका हंगामाला आम्ही एका मध्यस्थामार्फत माणसं घेतली होती. करारात सगळं नीट होतं. पहिल्या दिवशी प्रवासाच्या पावत्या गोळा करताना एका चाळिशीच्या माणसाने खिशातून दुधाच्या पिशवीसारखी एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत बसचं तिकीट, व्हिसा फीची पावती, आणि चार घड्या घातलेला एक कागद. त्यावर हाताने एक रक्कम लिहिली होती, खाली कुणाची तरी सही. हा कागद कसला, विचारलं तर तो गप्प. तो मध्यस्थाच्या गावातल्या माणसाने घेतलेल्या पैशांचा होता. आम्ही ते पैसे परत केले, खात्याला कळवलं आणि तो मध्यस्थ सोडला. तेव्हापासून मी व्हिसाच्या आधी प्रत्येकाशी फोनवर त्याच्या भाषेत, दलाल मध्ये न ठेवता बोलते आणि एकच प्रश्न तीन वेळा तीन प्रकारे विचारते: कुणाला काही दिलं का?

आणि हे वाचणारा कुणी साताऱ्यात किंवा सोलापुरात असेल, "साडेचार लाख द्या, एच-२बी करून देतो" असं एजंट म्हणत असेल, तर त्याला मालकाचं नाव आणि मंजुरीचा नंबर विचारा. या व्हिसासाठी कामगार स्वतः अर्ज सुरू करू शकत नाही, मालकच करतो. आणि यातून ग्रीन कार्ड आपोआप मिळत नाही.

चौथा टप्पा: व्हिसा आणि पहिला आठवडा

मंजुरी आली की कामगार डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरून आपल्या देशातल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत देतो. फी २०५ डॉलर. त्याआधी त्याला समजेल अशा भाषेत जॉब ऑर्डरची प्रत त्याच्या हातात हवी.

विमानतळावर शिक्का बसला की आय-९४ (देशात आल्याची आणि राहायच्या मुदतीची नोंद) ऑनलाइन उघडून तारीख तपासा. चूक असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या. मग आय-९ (काम करायचा हक्क तपासल्याचा फॉर्म) आणि सोशल सिक्युरिटी नंबर. एच-२एच्या मजुराला सोशल सिक्युरिटीची कपात नसते, पण एच-२बीच्या कामगाराला सहसा असते. दोन्हींत गल्लत करू नका.

व्हिसाची फी आणि त्यासाठीचा खर्च पहिल्याच आठवड्यात परत करायचा. येण्याचा प्रवासखर्च कराराचा अर्धा काळ पूर्ण झाल्यावर दिला तरी चालतो, असा नियम आहे. पण तो खर्च वजा जाता पहिल्या आठवड्याची मजुरी किमान वेतनाखाली जात असेल तर तेवढा तेव्हाच द्यावा लागतो. त्या हिशेबात पडण्यापेक्षा आम्ही तिकीट आधीच काढून देतो.

एच-२बीत घर देणं सहसा बंधनकारक नाही, एच-२एमध्ये आहे. तरी छोट्या पर्यटनगावात नवख्या माणसाला भाड्याची खोली मिळत नाही, त्यामुळे सोय तुम्हालाच बघावी लागते. खोली आधी स्वतः पाहा. नळाला गरम पाणी येतं का, दाराला आतून कडी आहे का, चार माणसांना एक फ्रिज पुरेल का.

हंगाम चालू असताना

तीन-चतुर्थांश कामाची हमी नीट समजून घ्या. करारातल्या तासांपैकी किमान पाऊण भाग काम दर बारा आठवड्यांना द्यावंच लागतं (करार १२० दिवसांपेक्षा छोटा असेल तर दर सहा आठवड्यांना). आठवड्याला ४० तास असतील तर बारा आठवड्यांचे ४८०, त्याचे पाऊण ३६०. पाऊस पडला, बुकिंग कमी झालं आणि ३०० तासच काम मिळालं, तर उरलेल्या ६० तासांची मजुरी द्यायची. म्हणून गरजेपेक्षा दोन माणसं जास्त मागवून ठेवण्यात शहाणपण नाही.

पगार किमान दर दोन आठवड्यांनी, सोबत तास आणि कपातींची चिठ्ठी. पासपोर्ट कामगाराकडेच राहील. 'हरवेल म्हणून' सुद्धा तो ऑफिसच्या तिजोरीत ठेवायचा नाही. जॉब ऑर्डरमध्ये लिहिलेलं काम आणि लिहिलेली जागा यांच्याबाहेर पाठवायचं नाही, मालकाच्या घरची बाग असली तरी.

कुणी सलग पाच कामाचे दिवस न सांगता आलं नाही, किंवा कामावरून काढावं लागलं, तर दोन कामाच्या दिवसांत यूएससीआयएस आणि श्रम खातं दोघांना कळवायचं. कळवण्याआधी एकदा त्याच्या खोलीवर जा. आमच्याकडचा एक जण पळाला असं सगळे म्हणत होते. तो तापाने अंथरुणात पडला होता आणि फोनचं रिचार्ज संपलं होतं.

परत जाताना

करार पूर्ण केला, किंवा तुम्ही आधीच काढलंत, तर परतीचा खर्च तुमचा. मुदत संपल्यावर जायला ३० दिवस मिळतात. कुणाला दुसऱ्या मालकाकडे जायचं असेल तर त्या मालकाचा अर्ज दाखल झाला की तो काम सुरू करू शकतो, आणि आधीच मोजल्या गेलेल्या अशा माणसाला कोट्यातली नवी जागा लागत नाही. सलग तीन वर्षं झाली की ६० दिवस देशाबाहेर राहून मग पुन्हा येता येतं.

सगळे कागद तीन वर्षं जपायचे: पगारपत्रकं, तासांच्या नोंदी, भरतीची वही, पावत्या.

शेवटच्या पगाराच्या दिवशी मी प्रत्येकाला विचारते, पुढच्या वर्षी येणार का, आणि होकार देणाऱ्याचं पासपोर्टवरचं नाव अक्षर न अक्षर उतरवून घेते. दिवाळीचा फराळ डब्यात असतो तेव्हा, तो त्यांच्या हातात देता देता. तोवर पुढच्या एप्रिलचा ९१४१ पोर्टलवर गेलेला असतो.